मुळा लावू का भोपळा

गराडू आला, म्हणजे थंडी आली. कॅलेंडर काय म्हणतं त्याच्याशी इंदूरला काही देणंघेणं नाही. चौकात ठेला लागला, त्या पांढऱ्या कंदाचे तुकडे कढईत दुसऱ्यांदा तळायला पडले, वरून जिरावन मसाला आणि लिंबू, की अपन पेटीतून स्वेटर काढतो. काल कॉलेजातून येताना परदेशीपुऱ्याच्या कोपऱ्यावर या वर्षीची पहिली प्लेट झाली.

"भिया, इस बार इत्ता महँगा?" मी विचारलं.

"नौ-नौ महीने ज़मीन में बैठता है ये," ठेलेवाला म्हणाला. "अपनी मर्ज़ी का राजा है."

झालं! तिखट जिभेवर आणि डोक्यात गणित सुरू. नऊ महिने एकच वाफा अडवून बसलेला कंद. तेवढ्यात मुळे किती निघाले असते? दर चार दिवसांनी एक, म्हणजे साठाच्या वर. गराडू नापास. एकदम सीधा नापास. आणि मी तर नापास पिकाची दुसरी प्लेट मागत होतो.

ही सवय मला एका थंडीत लागली. आमच्या घरात शेती कोणीच केलेली नाही. आजोबा खानदेशातून आले ते मिलसाठी, बाबा लागले ते मिलमध्ये, आणि मला तर परवापर्यंत वाटायचं की हरभरा झाडावर लागतो. तरी त्या एका थंडीत आम्ही बापलेकांनी जी शेती केली, ती पूर्ण माळव्यात कोणी केली नसेल. चिखल नाही, बैल नाही. पलासियाला दुसऱ्या मजल्यावर, एसीत, चपला बाहेर काढून.

आधी बाबांचं सांगतो. बाबा साळखात्यात जॉबर होते. साळखातं म्हणजे मिलमध्ये जिथे कापड विणतात ते खातं. तिथल्या मागाला साचा म्हणायचे, आणि त्याच्यावर चढवायच्या सुताच्या मोठ्या रुळाला बीम. जॉबर म्हणजे चाळीस साचे आणि त्यांच्यावरची माणसं, या सगळ्यांची काळजी ज्याच्या डोक्यावर तो. दिवसभर लोक त्यांना विचारत राहायचे. जॉबरसाब, ये बीम कब चढ़ेगा? जॉबरसाब, मेरा साँचा झटका क्यूँ मार रहा है? जॉबरसाब, कल आऊँ के नी आऊँ? घरी आल्यावरही दारात दोघं-तिघं उभे असायचेच. आई म्हणायची, "चहा प्यायचाय का सल्ला प्यायचाय, विचारून घ्या त्यांना."

मग मिल बंद झाली. पूर्ण शहर त्या वर्षांत कशाकशासाठी उघडत होतं, नवीन टीव्ही चॅनल, नवीन कार, नवीन कोल्ड्रिंक. आणि आमच्या गल्लीत एकेक गेट बंद होत होतं. आमच्या दारात उभे राहणारे कोणी रिक्षा चालवायला लागले, कोणी शेव तळायला, कोणी गावी गेले. बाबांना विचारणारं कोणी राहिलं नाही. शेजारी विचारायचे ते फक्त "तब्येत कशी आहे?" आणि हा प्रश्न ते आजारी नसलेल्या माणसाला ज्या आवाजात विचारायचे ना, तो आवाज मी आजही हुबेहूब काढून दाखवू शकतो. काढत नाही.

नकला करणं हा माझा लहानपणापासूनचा रोग. हेडमास्तर, दूधवाला, टीव्हीवरच्या बातम्यांच्या बाई, कोणालाच सोडलं नाही. त्या थंडीत मी बाबांसाठी पूर्ण गल्ली वाजवून दाखवली. ते "हं" म्हणायचे आणि छताच्या पंख्याकडे बघायचे. थंडीत. बंद पंख्याकडे.

त्याच थंडीत मामाने मला पलासियाच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये घातलं. तीन महिन्यांची फी मामाने भरली, त्याच्यापुढचं घरात कोणी बोलतच नव्हतं. फॉर्म भरायला बाबा सोबत आले. काउंटरवर एक दीदी होती, च्युइंगगम खाणारी.

"फादर का ऑक्युपेशन?"

"जॉबर," बाबा म्हणाले.

"हाँ, जॉब। पर कौन-सी जॉब?"

"जॉबर।"

"अंकल, सब जॉब ही करते हैं। आपकी कौन-सी है?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी फॉर्मकडे बघितलं. दीदीने काहीतरी लिहिलं आणि फॉर्म फाइलमध्ये गेला.

क्लास म्हणजे काचेची एक खोली. आत सहा कॉम्प्युटर, एक एसी आणि सर. सर नाकातून बोलायचे आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "ओके ना?" लावायचे, तर त्यांची नक्कल मला दुसऱ्याच दिवशी जमली. शिकवायचे टायपिंग आणि चार-पाच कमांड. पण शेवटचा अर्धा तास गेमचा. सरांनी कुठून तरी एक सीडी आणली होती, शेतीच्या गेमची. त्याच्यातलं सगळं लिहिलेलं जपानी होतं का चिनी, यावरच आमची भांडणं व्हायची. म्हणून सूचना कोणी वाचल्याच नाहीत. चित्र बघायचं आणि अंदाजपंचे खेळायचं. एक टोपीवाला बुटका शेतकरी, हातात फावडं. दुकानातून बी घ्यायचं, पेरायचं, रोज पाणी घालायचं, पीक विकायचं. मुळा होता, भोपळा होता, वेलीवरचा घेवडा होता. आणि एक जांभळं काहीतरी, ज्याला मी वांगं म्हणायचो आणि सौरभ रतालू.

सौरभ माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसायचा. त्याच्या घरी स्वतःचा कॉम्प्युटर होता, तरी क्लासला यायचा. त्याचं म्हणणं, "भिया, सीधी बात, भोपळा. सबसे महँगा बिकता है." सगळे भोपळाच लावायचे. आणि सगळ्यांचा एकच वांधा व्हायचा: मध्येच कधीतरी शेतकरी धपकन पडायचा, स्क्रीन काळी व्हायची, आणि परत उजेड पडायचा तो दुसऱ्या दिवशी. पाणी राहिलेलं, पीक वाळलेलं. "सर! आदमी हँग हो गया!" दिवसातून दहा वेळा ही आरोळी. सर यायचे, सीडी काढून शर्टाला पुसायचे, म्हणायचे, "डुप्लिकेट सीडी है, वायरस होगा, ओके ना?"

नीलू एकटी त्रास करून घेत नव्हती. ती कोपऱ्यात बसायची, इवलंसं शेत करायची आणि ऊन असतानाच शेतकऱ्याला घरात नेऊन झोपवायची. का, तर त्याच्या पांघरुणावर बदकं होती आणि तिला ती बघायला आवडायची. आम्ही हसायचो. मी तर तिची नक्कलसुद्धा करायचो: "सो जा बाबू, सो जा."

मग एक दिवस सरांनी जाहीर केलं. महिना संपताना मॅच होईल. गेममधला एक पूर्ण सीझन, तीस दिवस, ज्याची कमाई जास्त त्याला पुढचा पूर्ण कोर्स फ्री. एक सीट. ओके ना?

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती बटले सोलत होती. बटला म्हणजे मटार, आमच्याकडे थंडीत घराघरात हेच चाललेलं असतं. बाबा भिंतीला टेकून बसलेले. मी सगळी नक्कल करून दाखवली, सर, सौरभ, दुकानदार, भोपळा. आणि सहज, म्हणजे एकदम सहज नाही, थोडं मुद्दाम, शेवटी म्हणालो, "बाबा, मुळा लावू का भोपळा?"

बाबांची मान पंख्यावरून खाली आली.

"कापूस नाही त्यात?"

"नाही."

"कसली शेती मग ती." आणि मग, "भोपळा किती दिवसांचा?"

"बारा."

"आणि मुळा?"

"चार."

बाबांनी आईच्या थाळीतून मूठभर बटले उचलले. आई म्हणाली, "अहो, भाजी कमी पडेल." त्यांनी ऐकलं नाही. फरशीवर एक ओळ मांडली, दिवसाला एक दाणा. "हे बघ. भाव नको बघू. साचा किती दिवस अडकला ते बघ. भोपळ्याने बारा दिवस साचा अडवला. मुळ्याने तेवढ्यात तीनदा कापड उतरवून दिलं. आणि सुरवातीला हातात पैसा किती? दोनशे. दोन भोपळे घेऊन बसशील तर बारा दिवस बसूनच राहशील. मुळे दहा येतील. चार दिवसांनी त्यांचेच वीस होतील."

मी हां-हां करत होतो. मग मी घेवड्याचं सांगितलं: एकदा लावला की दहा दिवसांनी शेंगा सुरू, आणि मग दर तीन दिवसांनी येत राहतात, परत पेरायला नको. बाबा उठून बसले. "हा तर लांब बीम! एकदा चढवला की चालत राहतो. अरे, मुळ्याने पैसा उभा कर आणि मग घेवडा चढव. विचारायचं काय त्यात?"

विचारायचं काय त्यात, असं ते म्हणाले, पण मी विचारत राहिलो. पंधरा दिवस रोज. आईने शेवटी आमच्यासाठी वेगळे बटले काढून ठेवले, तेच तेच, सुकून छर्र्यासारखे झालेले. बाबा विचार करताना बोलायचे कमी आणि हात जास्त चालवायचे. ती साळखात्याची सवय. चाळीस साच्यांच्या खडखडाटात आवाज कोणाला जातो? तिथे सगळं खुणांनी. चिमूट करून ओढली की धागा तुटला. बोट गोल फिरवलं की चालू दे. अंगठा ओठांकडे, पाणी पाज. जेवताना त्यांना मीठ हवं असलं तरी हवेत चिमूट यायची. आई म्हणायची, "तोंड दिलंय ना देवाने? मी काय साचा आहे?" मी या सगळ्या खुणा पाठ केल्या होत्या, नक्कल म्हणून. शाळेत करून दाखवायचो, पोरं पोट धरून हसायची. आता आठवलं की मला थोडं कसंतरी होतं, आणि थोडं भारीसुद्धा वाटतं, कारण आमच्या गल्लीतल्या दुसऱ्या कुठल्याच पोराला बापाची बोली येत नव्हती.

सध्या बाबा एका गोदामात माणसांवर देखरेख करतात. मिलसारखं नाही, पण दोन वेळचं बरं आहे. मी एकदा डबा द्यायला गेलो तर पोत्यांच्या थप्पीमागे चार हमाल आरामात बसलेले आणि बाबा दारात उभे, मालकावर नजर ठेवून. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. ही खूण मात्र सगळ्या जगाला कळते.

मॅचच्या दिवशी बाबा म्हणाले, "मला पलासियाला काम आहे." पलासियाला त्यांचं काय काम असणार? बँक नाही, ऑफिस नाही. टेम्पोत ते माझ्यासोबत बसले, इस्त्रीचा शर्ट, तेल लावून केस. क्लासच्या बाहेर चपलांच्या ढिगाजवळ, काचेला लागून उभे राहिले. दीदीने खुर्ची दिली. बसले नाहीत. जॉबर खात्यात बसत नसतो.

मॅच सुरू झाली. पहिले बारा दिवस मी मुळा, मुळा, मुळा. सौरभ त्याच्या दोन भोपळ्यांना पाणी घालत मला चिडवत होता, "क्या सलाद का ठेला लगा रिया है?" तेराव्या दिवशी मी घेवडा चढवला, चार ओळी. तेविसाव्या दिवशी पहिल्या शेंगा आल्या आणि पैशाचा आकडा असा उडाला की सौरभने मान वाकडी करून माझी स्क्रीन बघितली. मी बाहेर बघितलं. बाबांनी बोट गोल फिरवलं. चालू दे.

आता मला चढली. हातात पैसा होता, मी वाफे वाढवले. अजून खोद, अजून पेर, अजून पाणी. माझा टोपीवाला इकडून तिकडे नुसता पळत होता. तेवढ्यात बाहेर हालचाल दिसली. बाबा दोन तळहात एकमेकांवरून फिरवत होते. खालचा वर, वरचा खाली.

ही खूण मला येत होती. बदली.

बदली! मी डोकं लावलं. बरोबर आहे, थोडेच दिवस राहिलेत, बाबांनी बाहेर उभ्या उभ्या हिशेब केला असणार, घेवडा काढ आणि मुळा लाव, पीक बदली कर. मी घेवड्याची एक पूर्ण ओळ उपटली. बाबांनी कपाळावर हात मारला. परत तळहात, आता जोरात. बदली, बदली! मी म्हटलं ठीक आहे, आणि दुसरी ओळ उपटली. बाबा काचेवर थापा मारायला लागले. मी तिसऱ्या ओळीला फावडं लावलं, आणि माझा माणूस धपकन पडला. स्क्रीन काळी.

"सर! हँग हो गया!"

दार उघडलं आणि बाबा आत आले. चपलांसकट. एसीत. पूर्ण क्लास त्यांच्या पायांकडे बघत राहिला.

"अंकल, चप्पल!" सर ओरडले. "और ये इशारे-विशारे नहीं चलेंगे, ओके ना?"

"सर, हँग नहीं हुआ है," बाबा म्हणाले. "आदमी थक गया है."

कोणीतरी हसलं. सरही हसले. "अंकल, वो गेम है. वायरस है उसमें."

"मैं कब से देख रहा हूँ. पहले उसका कंधा गिरता है. फिर टोपी आँख पे आती है. फिर वो खुद गिरता है. बदली दो बोल रहा था मैं इसको, बदली! माने आराम दो आदमी को, दूसरा लगाओ." मग माझ्याकडे वळून, मराठीत, "पीक नाही रे बाबा, माणूस!"

मिलमध्ये बदली म्हणजे कामगार. एक दमला किंवा नाही आला की त्याच्या जागी उभा राहणारा. हे मला माहीत होतं. लहानपणापासून ऐकत होतो. पण पंधरा दिवस मी फक्त पिकांचा विचार केला होता ना, तर मला पीकच ऐकू आलं.

सरांना पटलं नव्हतं. बाबांनी सौरभच्या स्क्रीनकडे बघितलं. तिथे त्याचा टोपीवाला दणादण नवीन वाफे खोदत होता.

"ये भी गिरेगा," बाबा म्हणाले. "तीन बार और मारेगा फावड़ा."

सौरभचा हात कीबोर्डवर होता. तो थांबू शकत होता. पण कोण थांबतं? टक्. टक्. आम्ही सगळे त्याच्या मागे गोळा झालो होतो. टोपी डोळ्यांवर आली. खरंच आली, इतक्या दिवसांत आम्ही कोणी बघितली नव्हती. टक्. धपकन.

सगळ्यांनी वळून बाबांकडे बघितलं.

"अबे," सौरभ हळूच म्हणाला.

मॅच पूर्ण झाली. माझ्या दोन ओळी उपटलेल्या, एक दिवस गेलेला. सौरभचे भोपळे वाळलेले. जिंकली कोण? नीलू. इवल्याशा शेतात मुळा आणि थोडासा घेवडा, आणि तिचा माणूस तीस दिवसांत एकदाही पडला नव्हता, कारण तो रोज बदकांच्या पांघरुणात वेळेवर झोपत होता. मी दुसरा आलो. सीट गेली. सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, त्या हातालासुद्धा "ओके ना?" म्हणायचं असावं.

मी बाहेर येऊन चपला शोधायला लागलो. रडू येत होतं, म्हणून वाकूनच शोधत होतो. पायऱ्यांवर बाबा माझी वाट बघत बसले होते. मी म्हणालो, "माझी चूक झाली." ते म्हणाले, "खूण मी साळखात्याची दिली. तू कधी होतास साळखात्यात? चल." आणि उठायला लागले.

"अंकल, एक मिनट." मागे सौरभ उभा होता, एक पाय बुटात, एक मोज्यात. "कंधा गिरता है, वो कैसे दिखता है? मेरेको तो नी दिखा."

बाबा अर्धे उठलेले तसेच थांबले. मग परत बसले.

"कौन-सा हाथ चल रहा है, पहले वो देखना," ते म्हणाले. "उधर वाला कंधा. पहले वही जाता है."

मी म्हटलं, असा? आणि फावडं मारून दाखवलं, दमलेल्या टोपीवाल्याची नक्कल. पोरं हसली. बाबा म्हणाले, "नाही रे, मान नको आधी. मान शेवटी. आधी खांदा. परत कर." मी परत केलं. "हां. अब देखो, देखो इसको, अब दो मिनट में पानी माँगेगा." नीलू म्हणाली, "अंकल, और खड़े-खड़े काम करे तो?" दुसऱ्या एकाने विचारलं, आपके वहाँ कितने आदमी थे? चाळीस? चाळीसच्या चाळीस दिसायचे? सगळ्यांची नावं माहीत होती? झपकी आली तर कसं कळतं? खोटं दमलेला कसा ओळखायचा? हा प्रश्न ऐकून बाबा हसले. मोठ्याने, दात दिसेपर्यंत. त्या पूर्ण थंडीत मी दूधवाल्यापासून हेडमास्तरांपर्यंत सगळे खर्च केले होते, आणि हसू आलं ते या प्रश्नाला. "वो तो सबसे आसान है," ते म्हणाले, आणि खोटा दमलेला माणूस कसा कण्हतो ते करून दाखवलं. मी तोंड उघडं ठेवून बघत राहिलो. इतकी तयार नक्कल मी आजपर्यंत कोणाची बघितलेली नाही, माझी धरून.

खाली पलासियाची ट्रॅफिक हॉर्न मारत होती. बाबांना मोठ्याने बोलावं लागत होतं, मग ते हातही वापरायला लागले, आणि मी ते हात पोरांना हिंदीत सांगत होतो. चिमूट म्हणजे धागा तुटला. अंगठा म्हणजे पानी. दोन तळहात म्हणजे, सगळी एकदम ओरडली, "बदली!"

दीदी बॅग खांद्याला लावून आमच्या मधून वाट काढत उतरायला लागली, दोन पायऱ्या उतरली आणि कठड्याला टेकून ऐकत राहिली. वर सरांनी दिवे बंद केले, एसी बंद केला, कुलूप लावलं. चावी हातात घेऊन ते आमच्या मागे येऊन उभे राहिले. आम्ही पूर्ण जिना अडवला होता. मला वाटलं आता रागावतील.

"अंकल," सर म्हणाले, आणि पहिल्यांदाच नाकातून नाही म्हणाले, "वो खोदते वक्त वाला, एक बार फिर से बताइए ना."

बाबा थोडं सरकले. शेजारची पायरी हाताने झटकली.

"बैठिए सर," ते म्हणाले. "खड़े-खड़े नहीं समझेगा."